कंबरेच्या तीन प्रती

आमच्या शिवणकामाच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन कंबरा असतात. एक टेपवरची आणि एक बोलायची. ही पद्धत वडिलांची. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की वडील टेप फिरवतात, चष्म्याच्या वरून आकडा बघतात, त्यातून दोन इंच वजा करतात आणि उरलेला आकडा मोठ्यानं सांगतात. टेपवर छत्तीस असले तर वडील म्हणतात, "चौतीस!" गिऱ्हाईक रोखून धरलेला श्वास सोडतं. मी पलीकडे वही घेऊन बसलेला असतो. मी चौतीस ऐकतो आणि छत्तीस लिहितो. पँट अंगावर नीट बसते आणि गिऱ्हाईक घरी जाऊन सांगतं, की कॉलेजात होती तीच कंबर आहे अजून. चाळीस वर्षांत या व्यवस्थेबद्दल एकही तक्रार आलेली नाही.

याची गरज काय, असं मी एकदा विचारलं होतं. वडील म्हणाले, "माणूस आपल्याकडे कपडे शिवायला येतो. वाईट बातमी ऐकायला दवाखाने आहेत."

पुढचं सगळं एका नळामुळे झालं. नळ वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांचा. ते तो उघडा ठेवून कोर्टात गेले आणि आमच्या कपाटातली सात नंबरची वही भिजली. अकरा पानांवरची शाई एकमेकांत मिसळून सगळ्या गिऱ्हाइकांचं मिळून एकच माप झालं. वकीलसाहेब खाली आले, वही दोन बोटांनी उचलली आणि म्हणाले, "नळ माझा होता, हे मी नाकारत नाही. पण शाई पक्की वापरायला हवी होती, हा मुद्दा उरतोच."

त्या दिवशी मी ठरवलं, की मापं कॉम्प्युटरवर घ्यायची. एवढंच ठरवलं होतं, हे मी इथे नमूद करून ठेवतो.

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले यायला लागले. समोरचे औषधवाले म्हणाले, "कॉम्प्युटरचा भरवसा नाही. मी रोज सगळं पेन ड्राइव्हवर घेतो."

"तो कुठे ठेवता?"

"कॉम्प्युटरलाच लावलेला असतो. हरवायला नको."

झेरॉक्सवाल्या बाईंचं मत होतं, की दर महिन्याला सगळं छापून बाइंड करून घ्यावं. म्हणजे पुन्हा वह्याच झाल्या की, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "हो, पण बाइंड केलेल्या." आमचे कटिंगमास्तर वडिलांच्या बरोबरीचे. त्यांनी सल्ला दिला नाही. "मला कागदावर आकडा द्या, मी तो कापतो. तो कुठून आला ते मला सांगू नका," एवढं बोलून ते कात्रीला धार लावायला गेले.

शेवटी मेहुणा आला. तो ज्या कंपनीत आहे ती इतर कंपन्यांचा डेटा सांभाळते. त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला आणि आमच्या कापडाच्या ताग्यावर खडूनं तीन चौकोन काढले.

"भावोजी, रोज संध्याकाळी एकदा बॅकअप घ्यायचा, ते दिवस गेले. दुपारी तीनला मशीन बसलं तर सकाळपासूनचं काम गेलंच ना? आता कसं, ताईनं एक आकडा टाइप केला, की त्याच क्षणी त्याच्या तीन प्रती होतात. एक दुकानात, एक घरी, एक दुसऱ्या शहरात. आणि नुसता शेवटचा आकडा नाही. काय लिहिलं, काय खोडलं, परत काय लिहिलं, सगळं वेळेसकट. मागच्या कुठल्याही क्षणाला परत जाता येतं."

"कुठल्याही?" वडिलांनी विचारलं.

"सेकंदाला, काका."

"मग याचं लग्न ठरलं त्या दिवसाला जाता येईल?"

"मला त्याच्या आदल्या दिवशी सोडा," बायको म्हणाली.

कंपनीचा अर्ज नऊ पानांचा होता. त्यात आमच्या 'आपत्ती समिती'बद्दल विचारलं होतं. दुकानात आपत्ती येतात, समिती नव्हती. ती तिथल्या तिथे स्थापन केली. अर्जाप्रमाणे कुठलंही महत्त्वाचं पाऊल उचलायला दोन जणांची मंजुरी लागणार होती. पहिला मी. द्वितीय मंजुरी अधिकारी म्हणून मी वडिलांचं नाव घातलं. त्यात मान राखण्यापलीकडे माझा काही हेतू नव्हता. या पदाला वेगळी खुर्ची मिळते का, अशी चौकशी वडिलांनी केली.

मापं भरायचं काम शाळेच्या सुट्टीत झालं, कारण बायको शाळेत ग्रंथपाल आहे आणि तिची बोटं वेगानं चालतात. अकरा वह्या, अकराशे अठ्ठेचाळीस गिऱ्हाइकं. रोज दुपारी दोन ते पाच वडील वही धरून मोठ्यानं वाचत आणि ती टाइप करी. मी दहा फुटांवर काजं तपासत बसलेला असे. पहिल्या आठवड्यात गुरुवारी दोघांचे आवाज जरा चढल्यासारखे वाटले. तेव्हा दोरा आणायला जाणं मला योग्य वाटलं. परत आलो तर दोघं शांतपणे काम करत होते. तिसऱ्या आठवड्यात शेवटची वही संपली. "कागद ही जोखीम आहे, भावोजी," असं मेहुणा म्हणाला आणि मी अकराही वह्या रद्दीत दिल्या. माझ्या आयुष्यात मी इतक्या झटपट फार कमी गोष्टी केल्या आहेत.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आमच्या जुन्या गिऱ्हाइकांचं, गायनवृंदाचं पत्र आलं. बत्तीस गायक, सगळे दौऱ्यावर. शनिवारी संध्याकाळी परत येणार आणि रविवारी सभागृहात कार्यक्रम. तोवर एका रंगाच्या बत्तीस पँटी हव्यात. "मापं आपल्याकडे आहेतच," असं संचालकांनी खाली लिहिलं होतं. ते वाचून मला जे समाधान वाटलं, ते सोमवारी सकाळी साडेदहापर्यंत टिकलं.

साडेदहाला औषधवाले नवी पँट घालून रस्ता ओलांडून आले. पँटचं बटण आणि काज यांच्यात तीन बोटांचं अंतर होतं. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. मी अंतर मोजलं. दोन इंच. कापड आटलं असेल असं मी म्हणत होतो, एवढ्यात जिन्यावरून वकीलसाहेब उतरले. त्यांचे दोन्ही हात खिशात होते. ते हात खिशात का आहेत ते मला लगेच कळलं, कारण नमस्कार करायला त्यांनी ते बाहेर काढले.

"माझ्या पक्षकारासमोर झालं हे," पँट सावरत ते म्हणाले. यांची पँट दोन इंच सैल होती.

"यांचं जास्तीचं मला जोडता येणार नाही का?" वकीलसाहेबांकडे बोट दाखवून औषधवाल्यांनी विचारलं. सूचना त्यांनी मनापासून केली होती.

कटिंगमास्तरांनी दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवले. "कागदावर होतं तेच कापलंय." खरंच तेच होतं. मी मेहुण्याला फोन लावला.

"डेटा शंभर टक्के सुरक्षित आहे, भावोजी."

"अरे, पण चुकीचा आहे."

"चुकीचा आहे," तो म्हणाला, "पण सुरक्षित आहे. तिन्ही ठिकाणी."

दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढून मी समितीची बैठक घेतली. प्रश्न सोपा होता. कुणाची कंबर दोननं कमी, कुणाची दोननं जास्त, असं का?

बायको म्हणाली, "पहिले तीन-चार दिवस मला माहीतच नव्हतं, की बाबा कंबर दोननं कमी करून वाचतात."

मी वडिलांकडे पाहिलं. "तुम्ही वहीतून वाचतानाही दोन कमी केले?"

"कंबर मी कमी करूनच बोलतो," वडील म्हणाले. "चाळीस वर्षं दुसरा आकडा तोंडातून निघालेला नाही."

मी दहा फुटांवर बसून ते सगळं ऐकत होतो. मला काही वेगळं वाटलं नाही, कारण दुकानाचा आवाज मला लहानपणापासून दोन इंच कमीच माहीत आहे.

"मग तुला कळलं कसं?" मी बायकोला विचारलं.

"गुरुवारी तुमचं माप आलं. बाबा म्हणाले चौतीस. मी म्हटलं, बाबा, छत्तीस. यांच्या पँटी मी धुते."

"माझी कंबर चौतीस आहे," मी म्हणालो.

कटिंगमास्तर कात्रीकडे बघायला लागले. माझं माप मी स्वतः कधी लिहिलेलं नाही. ते वडील घेतात आणि वडीलच लिहितात. या मुद्द्यावर मी पुढे चर्चा होऊ दिली नाही.

उरलेली हकिगत अशी. गुरुवारच्या वादानंतर बायकोनं विचार केला, म्हातारं माणूस आहे, सवय जायची नाही, आपणच समजून घ्यावं. म्हणून न सांगता ती ऐकलेल्या आकड्यात दोन मिळवून टाइप करायला लागली. तिकडे वडिलांनी विचार केला, सूनबाई शिकलेली आहे, म्हणते ते बरोबर आहे, आपणच बदलावं. म्हणून न सांगता तेही वहीत होतं तेच वाचायला लागले.

"बाबा, मला एका शब्दानं सांगायचं तरी!"

"तू वाढवतेस हे तू सांगितलंस का, सूनबाई?"

आमच्या घरात दोन माणसांनी एकाच वेळी एकमेकांचं ऐकलं, असं पहिल्यांदाच घडलं होतं.

म्हणजे गुरुवारच्या आधीची मापं दोननं कमी. गुरुवारनंतर काही दिवसांची बरोबर, कारण वडील कमी करत होते आणि ही वाढवत होती. आणि वडील खरं वाचायला लागल्यापासूनची दोननं जास्त. गायनवृंदाची वही त्याच सुमारास वाचली गेली होती. तेव्हा सगळं एका गोष्टीवर आलं: वडील खरं वाचायला लागले कधी?

"लागलो," वडील म्हणाले.

"पण कधी? कुठल्या दिवशी?"

"आठवत नाही."

मी संचालकांना दौऱ्यावर फोन केला. सगळ्यांच्या कंबरा मोजून कळवा म्हटलं, तर ते म्हणाले, एकमेकांची कंबर मोजायला लावली तर मंडळी सुरात राहणार नाहीत. तोंडी विचारून कळवतो. तासाभरात यादी आली. त्या यादीनुसार कुणाचीही कंबर बत्तीसच्या वर नव्हती. त्यांच्यातल्या खर्जातल्या नऊ जणांना मी पाहिलेलं आहे. मी यादी घडी करून खिशात ठेवली.

"बुधवारी संध्याकाळी कापायला सुरुवात झाली नाही तर बत्तीस पँटी होत नाहीत," कटिंगमास्तर म्हणाले. "शिवणीत माया ठेवून सैल-घट्ट करता येतं, पण एक-दोन पँटींना. बत्तिसांना नाही."

नोंदी वेळेसकट उघडायला कंपनीकडे अर्ज करावा लागतो. त्यात 'घटनेचे स्वरूप' असा रकाना होता आणि खाली पर्याय: आग, पूर, चोरी, व्हायरस, अंतर्गत व्यक्तीकडून फेरफार. वडील अंतर्गत होते आणि फेरफार झाला होता. मी शेवटच्या पर्यायावर खूण केली. दहा मिनिटांत आमचं खातं गोठवलं गेलं आणि सुरक्षा विभागातल्या बाईंचा फोन आला.

"फेरफार करणारी व्यक्ती अजून आवारात आहे का?"

"समोर बसून चहा पीत आहेत."

"त्यांचा हेतू काय असावा?"

"लोकांना बरं वाटावं."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना विश्वासात घ्या. आणि खातं उघडायला द्वितीय मंजुरी अधिकाऱ्यांची संमती लागेल. त्यांच्या मोबाइलवर सहा आकडे येतील, ते मला वाचून दाखवायला सांगा."

तर आरोपीनं चौकशीला मंजुरी द्यायची होती. वडिलांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा पुसला, फोन डोळ्यांसमोर धरला, आणि त्या क्षणी मी जे बोललो ते कुठल्याही प्रतीतून खोडायला मिळालं तर मी खोडीन. मी म्हणालो, "आहे तेच वाचताय ना?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. फोन बायकोच्या हातात दिला. "तू वाच, सूनबाई." मग गळ्यातली टेप काढून तिची गुंडाळी केली, ती माझ्या टेबलावर ठेवली आणि ते आतल्या खोलीत गेले.

मंगळवारी ते दुकानात येऊन बसले, पण टेपला हात लावला नाही. दोन गिऱ्हाइकं आली. मापं मी घेतली आणि टेपवर होते तेच आकडे बोललो. एक गृहस्थ "असू दे, पुढच्या महिन्यात शिवू" म्हणून निघून गेले. दुसऱ्यांनी मला पुन्हा मोजायला लावलं. वडील रस्त्याकडे बघत होते. बत्तीस पँटी गेल्या तर ते गिऱ्हाईक जाणार होतं, आणि गिऱ्हाईक पुन्हा मिळू शकतं. पण टेबलावरच्या त्या गुंडाळीकडे बघून कसं वाटत होतं, हे कंपनीच्या अर्जातल्या कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं.

बुधवारी दुपारी मेहुणा लॅपटॉप घेऊन आला. नोंदी उघडल्या. प्रत्येक गिऱ्हाईक, तास, मिनिट, सेकंद. गुरुवारी तीन बेचाळीस ते तीन त्रेपन्न अकरा मिनिटं एकही नोंद नव्हती.

"हे तुमचं भांडण," मेहुणा म्हणाला.

"चर्चा," बायको म्हणाली.

एक सीमा सापडली. दुसरीसाठी आम्ही गायनवृंदाच्या वहीवर आलो. दुसऱ्या आठवड्याचा मंगळवार. दर चाळीस सेकंदांना एक नाव, तेरा नावं अगदी एका लयीत. चौदाव्यावर मेहुणा थांबला.

"ताई, इथे काय झालं? कंबरेत चाळीस लिहिलंयस, खोडून अडतीस केलंयस, मग परत चाळीस. तब्बल सव्वा मिनिट."

बायकोनं डोळे बारीक केले. "बाबा थांबले होते जरा. मग म्हणाले अडतीस. मी दोन वाढवून चाळीस टाकलं. पण आवाज वेगळा वाटला, म्हणून खोडलं. मग वाटलं, उगीच शंका घेतेय."

नुसता रोजचा बॅकअप असता तर चाळीस तेवढे उरले असते आणि ती शंका कुठेच सापडली नसती.

"चौदावा कोण आहे?" मी विचारलं.

"संचालक," रस्त्याकडे बघत वडील म्हणाले. दोन दिवसांतला हा त्यांचा पहिला शब्द. मग खुर्ची आमच्याकडे वळवून ते बोलले. "त्याला मी कधी कमी सांगितलं नाही. पहिल्यांदा आला तेव्हाच म्हणाला होता, स्वर आणि माप, असेल तेच सांगा. उतरवून सांगितलेलं मला लगेच कळतं. म्हणून त्याचं होतं ते वाचलं. सूनबाईंचं म्हणणं डोक्यात होतंच. एकदा खरं बोललो, मग पंधराव्याला खोटं बोलवेना. त्यानंतर सगळं खरंच वाचलं."

"परवा का नाही सांगितलंत?"

"परवा आठवत नव्हतं. आणि आठवलं असतं तरी तुझा विश्वास होता का?"

घड्याळात साडेचार झाले होते. कटिंगमास्तर कापडावर हात ठेवून उभे होते. "कापू?" त्यांनी मला विचारलं. पुरावा म्हणाल तर एक सव्वा मिनिट आणि एका माणसाचा शब्द.

"कापा," मी म्हणालो. "पहिले तेरा आहेत तसे. चौदापासून प्रत्येकात दोन इंच कमी. कुणी वाचून दाखवेल का?"

टेबलावरची गुंडाळी मी वडिलांपुढे धरली. त्यांनी ती जरा वेळ तशीच राहू दिली. मग टेप गळ्यात घातली, खुर्ची पडद्यासमोर ओढली आणि चष्म्याच्या वरून पाहिलं. पडद्यावर चाळीस होते.

"अडतीस!" वडील म्हणाले. समोरून औषधवाल्यांनी मान वर करून पाहिलं, इतक्या मोठ्यानं.

पडद्यावर बेचाळीस होते. "चाळीस!" पडद्यावर छत्तीस. "चौतीस!" एकोणीस माणसं, एकदाही न अडखळता. वजाबाकी त्यांना करावी लागतच नव्हती. कटिंगमास्तर म्हणाले, "आता कसं दुकानासारखं वाटतंय," आणि कात्री चालू केली.

रविवारी आम्ही सभागृहात शेवटच्या रांगेत बसलो. लोक गायकांच्या तोंडाकडे बघत होते, आम्ही चौघं कंबरेच्या पट्ट्यांकडे. खर्जातल्या नऊ जणांनी पोट भरून श्वास घेतला तेव्हा कटिंगमास्तरांनी माझा हात धरला. काही तुटलं नाही, काही घसरलं नाही. गाणं कसं झालं ते मला सांगता येणार नाही.

पुढे मेहुण्यानं सगळ्या नोंदी सुधारल्या. गुरुवार तीन बेचाळीसच्या आधी दोन मिळवले, मंगळवारच्या चौदाव्यापासून पुढे दोन वजा केले. चार मिनिटांचं काम. फक्त एक नोंद त्या अकरा मिनिटांच्या तोंडावर होती, आणि ती आधीत धरायची की नंतर, यावर समितीत एकमत होईना. ती माझी होती.

"परत मोजून टाकू," वडील म्हणाले. दुकानात तेव्हा औषधवाले होते, वकीलसाहेब होते आणि पडदे शिवायला टाकायला आलेल्या झेरॉक्सवाल्या बाई होत्या. मी आरशासमोर उभा राहिलो आणि श्वास रोखला. वडिलांनी टेप फिरवली, चष्म्याच्या वरून आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"आहे तेच सांगू ना?"

मी श्वास न सोडता मान हलवली.

"अडतीस!" वडील म्हणाले.

बायकोनं टाइप केलं. मी मेहुण्याला बाजूला घेऊन विचारलं, की एखादी नोंद कायमची पुसता येते का.

"पुसता येते ना, भावोजी," तो म्हणाला. "फक्त पुसल्याचीही नोंद राहते. कुणी पुसली, कधी पुसली आणि आधी काय होतं, सगळं."

मी पुसली नाही. अडतीस इंच, गुरुवार, सकाळी अकरा वाजून सहा मिनिटं, चौदा सेकंद. एक प्रत दुकानात, एक घरी, आणि एक अशा शहरात, जिथे मी आजवर कधी गेलेलो नाही.